ऑगस्टच्या चिखलावर ठरवलेलं यंत्र: गिरणारे रस्त्यावरच्या ५० गुंठ्यांसाठी बसून चालवायचं लॉन मोवर

भूखंड ५० गुंठ्यांचा, नाशिकहून गिरणाऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडा आत. पुढे मुरमाचा रस्ता, मागे ओढा, मध्ये बैठं घर, विहीर आणि केशर आंब्याची २० झाडं. घरात निवृत्त जोडपं, शनिवार-रविवार शहरातून येणारा मुलगा आणि रोजचं बघणारा एक माळी. गवत कापायला दोन वर्षं त्यांनी २१ इंची ढकलायच्या पेट्रोल मोवरवर आणि खांद्यावरच्या ब्रश कटरवर निभावलं. जुलै लागला की दोन्ही अपुरी पडायची. एका टोकाला कापून दुसऱ्या टोकाला पोचेपर्यंत पहिलं पुन्हा घोट्याच्या वर.

मुलाने मनाशी ठरवलेलं यंत्र होतं ५४ इंच डेकचं (डेक म्हणजे पाती ज्याच्या आत फिरतात ते खालचं आवरण), २४ अश्वशक्तीचं झिरो टर्न, म्हणजे जागच्या जागी वळणारं. हिशोब सरळ होता: जागा एक एकराच्या वर आहे, मग मोठंच घ्यावं. अखेरीस घरात आलं ते ४२ इंची, बाजूने गवत टाकणारं साधं लॉन ट्रॅक्टर. निर्णय कसा फिरला, ते पुढे.

टेप आधी

५० गुंठ्यांतले ९ गुंठे घर, अंगण, गाडीची जागा आणि शेड खातात. भाजीचे वाफे, फुलझाडं आणि विहिरीचा परिसर ८ गुंठे. कापायचं गवत उरतं ३३ गुंठे, आणि तेही एकसारखं नाही. घरासमोर ३ गुंठे मेक्सिकन कार्पेट, बाजूने ११ गुंठे सिलेक्शन नंबर वन, आंब्याखाली १३ गुंठे हरळी आणि रानगवत, ओढ्याकडे ६ गुंठे उतार.

मेक्सिकन गवत गादीसारखं फुगत जातं आणि त्याला उंचवटे येतात. बसायच्या यंत्राचं फिरतं पातं त्या उंचवट्यांची टकलं करून ठेवतं. अशा यंत्राचा डेक साधारण दीड इंचाखाली उतरत नाही आणि मेक्सिकनला त्याहून खाली कापायचं असतं. ते ३ गुंठे म्हणून जुन्या ढकलायच्या मोवरकडेच राहिले.

उतार डोळ्यांनी मोजू नये, डोळा नेहमी कमी दाखवतो. दोन मीटर लांबीची सरळ फळी घ्यायची, वरचं टोक जमिनीला टेकवायचं, गवंड्याची लेव्हल ठेवून फळी आडवी करायची आणि खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने घ्यायचं. ३५ सेंटिमीटर आलं तर उतार १० अंश, ५३ आलं तर १५ अंश. लॉन ट्रॅक्टरच्या पुस्तिकांत सहसा १५ अंश ही शेवटची मर्यादा असते, आणि ती कोरड्या जमिनीसाठी. ओल्या गवतावर आम्ही १० अंशांच्या वर कुणालाही जाऊ देणार नाही. या जागेत वरच्या २ गुंठ्यांत २८ सेंटिमीटर आलं, म्हणजे ८ अंश. खालच्या ४ गुंठ्यांत ६९, म्हणजे १९ अंश. तो पट्टा यादीतून तिथेच खोडला. या यंत्रांना उलटल्यावर माणसाला वाचवणारी लोखंडी कमान नसते आणि खाली ओढा आहे.

बसून कापायचं क्षेत्र उरलं २६ गुंठे, म्हणजे सुमारे २,६३० चौरस मीटर. सातबाऱ्यावरचा आकडा याच्या जवळपास दुप्पट.

वाफसा आणि घड्याळ

इथली माती काळी. पावसात ती फुगते, चिकटते, चाकाला लपेटते. तीच माती मे महिन्यात भेगाळते आणि पुढचं चाक भेगेत गेलं की डेक जमिनीला घासतो. डिसेंबरच्या कोरड्या हिरवळीवर दुकानदाराने दाखवलेलं कुठलंही यंत्र छानच चालतं. नाशिकमध्ये यंत्राची परीक्षा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात होते. चार दिवसांची झड संपून उघडीप पडलेली असते, गवत वीतभर झालेलं असतं आणि आभाळ पुन्हा भरून येत असतं. माळ्याने पहिल्याच भेटीत तेच सांगितलं (वाफसा म्हणजे भिजलेली माती कामाजोगी सुकणं): “भाऊ, वाफसा येतो आणि दुपारी पाऊस येतो. मधल्या दोन-तीन तासांत होईल तेवढंच कापायचं.”

निवडीचा खरा निकष म्हणून हा: दोन-तीन तासांच्या उघडिपीत, ओल्या गवतावर, २६ गुंठे संपतात का?

डेकची रुंदी मीटरमध्ये घ्या. फेऱ्या थोड्या एकावर एक येतात, त्यासाठी दहावा भाग वजा करा. वेगाने गुणा आणि झाडं, वळणं, थांबणं यांसाठी त्यातलं ७० टक्केच धरा. कोरड्यात ताशी ५ किलोमीटर ठीक आहे. ओलं, उंच गवत असेल तर ३ च्या वर जाऊ नये, पात्याला गवत कापून बाहेर फेकायला वेळ मिळत नाही. ऑगस्टच्या त्या ३ किलोमीटर वेगाने ३० इंची डेकला २६ गुंठ्यांसाठी सुमारे १०९ मिनिटं लागतात, ४२ इंचीला ७८ आणि ५४ इंचीला ६१. जुन्या ढकलायच्या मोवरला, माणूस ओल्यात ताशी अडीच किलोमीटर चालला तर, तीन तासांच्या वर.

३० वरून ४२ वर गेल्याने अर्धा तास वाचतो, ४२ वरून ५४ वर गेल्याने सतरा मिनिटं. त्या सतरा मिनिटांसाठी किती वजन, किती रुंदी आणि किती पैसे मोजायचे, हे इथे कळतं.

रुंदीचं उत्तर विहिरीनेच दिलं. घराचा कोपरा आणि विहिरीचा कठडा यांच्यामध्ये ४ फूट २ इंच, म्हणजे १२७ सेंटिमीटर वाट आहे आणि आमराईत जायला तीच एक. डेकचा आकडा फक्त पात्यांची कापण्याची रुंदी सांगतो. बाजूला गवत फेकणारी झडप खाली पसरलेली असताना ४२ इंची यंत्र १३० सेंटिमीटरच्या पुढे जातं. झडप वर दुमडली की साधारण ११५. म्हणजे जातं, पण दोन्ही बाजूंना मिळून वीतभरही जागा उरत नाही. ५४ इंची तर झडप काढली तरी जात नाही. घेण्यापूर्वी पुठ्ठ्याची ११५ सेंटिमीटर रुंद पट्टी कापून ती त्या वाटेतून फिरवून पाहिली. सगळ्यांनी हे करावं. गेट, पायरी, पाण्याच्या टाकीचा पाइप, कुठेतरी अडकतंच. एक नियम मात्र पाळायचाच: झडप दुमडायची ती पाती बंद करून, आणि वाट संपली की ती खाली पाडूनच पाती सुरू करायची. तारेने वर बांधलेली झडप म्हणजे माणसांच्या दिशेने उघडलेली गोफण. पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ९० मीटरच्या घरात असतो आणि आपल्या जमिनीत काळ्या दगडाचे गोटे दर पावसाळ्यात वर येतात.

झिरो टर्न का नको

झाडांभोवती फिरायला झिरो टर्नसारखं यंत्र नाही, हे मान्य. पण त्याची पुढची चाकं मोकळी फिरणारी असतात आणि दिशा देतात ती मागची दोन चाकं. ओल्या उतारावर मागचं एक चाक घसरलं की चालकाच्या हातात काहीच राहत नाही आणि यंत्र तोंड वळवून खाली निघतं. शिवाय जागच्या जागी वळताना आतलं चाक भिजलेल्या काळ्या मातीवरची हिरवळ पिळून काढते. एका पावसाळ्यात प्रत्येक झाडाजवळ चिखलाचं कडं तयार झालं असतं.

त्याऐवजी झाडंच यंत्राला सोयीची केली. प्रत्येक आंब्याभोवती खोडापासून एक मीटरचं गोल आळं, त्यात पालापाचोळा, गवत अजिबात नाही. लॉन ट्रॅक्टरला वळायला लागणारी जागा तेवढ्यात भागते आणि डेकची कड खोडाची साल सोलत नाही. आळ्याबाहेर आलेली ठिबकची १६ मिलिमीटरची नळी आत ओढून खुंट्यांनी दाबली. ही नळी पात्यात गेली तर स्पिंडलला, म्हणजे पातं ज्यावर फिरतं त्या दांड्याला, सुतासारखी गुंडाळते, सील फाडते आणि महिन्याभरात बेअरिंग वाजायला लागतं. खालच्या फांद्या जमिनीपासून सहा फुटांपर्यंत काढल्या. बसलेल्या माणसाचं डोकं उभ्या माणसापेक्षा खाली असतं, पण चालत्या यंत्रावर फांदी चुकवायला वेळ मिळत नाही.

शेजारच्या द्राक्षबागायतदाराचा मिनी ट्रॅक्टर मागे मोवर लावून वापरावा, असाही विचार झाला. आमराईपुरता तो वाईट नाही. पण त्याचं वजन लॉन ट्रॅक्टरच्या तीन-चार पट, टायर शेतीचे, खोल नांग्यांचे. सिलेक्शनच्या हिरवळीवर त्याने पावसात एक फेरी मारली की चाकोऱ्या दिवाळीपर्यंत बुजत नाहीत.

इंजिन, गिअर आणि पेट्रोलची अडचण

४२ इंची डेकला १७ ते २० अश्वशक्ती पुरते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे. दर ३०० मीटरला साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद तीन-साडेतीन टक्क्यांनी घटते, म्हणजे १८ चं इंजिन इथे सतराच्या आतच काम करतं. ओल्या गवताचा भार धरून काठावरचं १५ चं इंजिन टाळलं, २४ ची गरज नव्हती.

गिअरऐवजी पायाच्या पेडलवर, तेलाच्या दाबाने चालणारी हायड्रोस्टॅटिक चाल घेतली. आंब्यांमध्ये सारखं पुढे-मागे करावं लागतं आणि उतारावर क्लच दाबून गिअर बदलण्याची वेळ येऊ नये, हे महत्त्वाचं. तिचं दुखणंही सांगायला हवं. या किमतीच्या यंत्रांत चालीची पेटी बहुधा सीलबंद असते, तेल बदलायची सोय नसते, आणि चढावर ओझं ओढलं की तेल तापून पातळ होतं. पहिली खूण अशी: थंड असताना यंत्र व्यवस्थित चढतं आणि अर्ध्या तासाने त्याच चढावर रेंगाळतं. घरच्यांना मागे ट्रॉली लावून शेणखत ओढायचं होतं. सपाटीवर, पुस्तिकेत लिहिलेल्या वजनाच्या आत ओढा. ओढ्याकडच्या उतारावर ट्रॉली नेऊच नका, असं ठरलं. पेटी मोकळी करायचा दांडा फक्त यंत्र ढकलून हलवण्यासाठी असतो. तो उतारावर ओढला की यंत्राला ब्रेक देणारी चालच सुटते.

आता पेट्रोल. इथेच सर्वांत जास्त यंत्रं खराब होतात. लहान इंजिनांच्या पुस्तिकांमध्ये साधारणपणे १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असं लिहिलेलं असतं. आपल्या पंपावर आता २० टक्केवालं मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, कार्ब्युरेटरमधले रबराचे भाग फुगवतं आणि यंत्र दोन-तीन महिने उभं राहिलं की तळाशी चिकट थर बसतो. मोटारसायकल रोज फिरते म्हणून तिला हे जाणवत नाही. मोवर मार्चपासून जूनपर्यंत उभं असतं. म्हणून विकणाऱ्याला लेखी विचारलं: या इंजिनाला किती टक्के चालतं आणि इंधनामुळे झालेला बिघाड वॉरंटीत बसतो का? दोन ठिकाणी उत्तर तोंडी मिळालं, एका ठिकाणी कागदावर. तिसरं ठिकाण निवडायला हे एक कारण झालं.

बॅटरीवरचं यंत्र घेतलं तर ही कटकट मुळातच राहत नाही. ते मागे पडलं ते दोन कारणांनी. ओल्या, उंच गवतात चार्ज कोरड्याच्या मानाने फार लवकर उतरतो आणि उघडिपीच्या तीन तासांत पुन्हा चार्जिंगला थांबणं परवडत नाही. शिवाय कंट्रोलर बिघडला तर तो उघडून बघणारा माणूस जिल्ह्यात सापडला नाही. गवत सपाट असेल, दहा-बारा गुंठेच असेल, तर आम्ही बॅटरीच सुचवू.

गवत कुठून बाहेर पडणार

मागे पेटीत गवत गोळा करणारी यंत्रं दिसायला नीटनेटकी आणि अंगाने अरुंद. विहिरीजवळून आरामात गेली असती. पण त्यांचं गवत मागच्या दोन चाकांमधल्या बोगद्यातून जातं आणि पावसाळी हरळी त्या बोगद्यात दर पाच मिनिटांनी बसते. तुंबलं की उतरा, पाती थांबल्याची खात्री करा, काठीने काढा. उघडीप त्यातच संपते. म्हणून बाजूने फेकणारा डेक.

जुलै ते सप्टेंबर गवत झडपेखालून बाजूला पडू द्यायचं. ऑक्टोबरपासून, गवत कोरडं आणि वाढ मंद झाली की मल्चिंगचं झाकण बसवायचं, म्हणजे बारीक झालेलं गवत जागेवरच जिरतं. पावसात झाकण लावलं तर ओले गोळे पडतात आणि त्यांच्याखालची हिरवळ पिवळी पडते. झडप उजवीकडे असल्याने कुंपणालगतच्या पहिल्या दोन फेऱ्या घड्याळाच्या दिशेने माराव्यात, म्हणजे गवत आत पडतं. तिसऱ्यापासून उलट फिरावं, म्हणजे ते कापलेल्या भागावर पडतं आणि पात्याला दुसऱ्यांदा कापावं लागत नाही. एका वेळी गवताच्या उंचीच्या एक-तृतीयांशाहून जास्त कापायचं नाही. वीतभर वाढलंच असेल तर पहिल्यांदा डेक सगळ्यांत वर ठेवून कापा आणि तीन दिवसांनी खाली आणा.

यंत्र सुटे भाग मिळतील तिथूनच घ्यावं, असं सगळेच म्हणतात. नेमकं काय विचारायचं ते कमी जण सांगतात. यंत्राबरोबरच मागवलं ते असं: डेकचा एक आणि चालीचा एक पट्टा, पात्यांची एक जोडी, तयार स्पिंडल एक, हवेचा आणि पेट्रोलचा फिल्टर, प्लग आणि कार्ब्युरेटरचा गॅस्केट संच. डेकच्या पट्ट्यात अरॅमिड या सहसा न ताणल्या जाणाऱ्या मजबूत धाग्याचा गाभा असतो. त्याच मापाचा साधा रबरी पट्टा बाजारात मिळतो आणि बसतोही, पण पाती जोडताना होणाऱ्या घसटीत तो तापून ताणला जातो. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत लेथवाले उत्तम आहेत. स्पिंडलचं घर सरळ करणं, पातं तोलून देणं ते सहज करतात. पात्यासाठी मात्र गाडीच्या पाट्याचा तुकडा घासून लावू नये. ते पोलाद कडक असतं आणि दगडावर आपटलं की वाकत नाही, तुटून उडतं. बेअरिंगची गोमही लक्षात ठेवा. अमेरिकी बनावटीच्या काही स्पिंडलमध्ये ६२०३ चं बेअरिंग बाहेरून नेहमीचंच दिसतं, पण आतलं भोक १७ मिलिमीटरऐवजी ५/८ इंच, म्हणजे १५.८७ मिलिमीटर असतं. दुकानातलं साधं ६२०३ त्या शाफ्टवर सैल बसतं आणि महिन्यात शाफ्ट खाऊन टाकतं. जुनं बेअरिंग हातात घेऊन जा, नंबरावर विसंबू नका.

पहिला हंगाम

पहिल्या आठवड्यातच डावीकडे हिरवळ तासल्यासारखी कापली जाऊ लागली. घरच्यांना डेक वाकडा वाटला. डेक सरळ होता. वाहतुकीत टायर घट्ट भरून पाठवतात, ती हवा कमी केलेलीच नव्हती, आणि दोन बाजूंची सारखीही नव्हती. पुढच्या टायरांत १४ आणि मागच्यांत १० पीएसआय केल्यावर निम्मा दोष गेला. मग फरशीवर यंत्र उभं करून, प्लगची वायर काढून, दोन्ही बाजूंच्या पात्यांची टोकं एका उंचीला आणली आणि पुढचं टोक मागच्यापेक्षा ५ मिलिमीटर खाली ठेवलं. हवा आधी, डेक नंतर. उलट केलं तर दोनदा करावं लागतं.

ऑगस्टमध्ये कापणी ढेपाळली, गवत नुसतं वाकून पुन्हा उभं राहायचं. कारणं दोन. पेट्रोल वाचवायला माळी इंजिन अर्ध्या वेगावर चालवत होता. पात्याला हवा ओढून गवत उभं करायला पूर्ण वेग लागतो, आणि अर्ध्या वेगावर इंजिनाला थंड करणारी हवाही कमी पडते. दुसरं, डेकच्या आत दोन बोटं जाड काळा थर बसला होता. आता प्रत्येक कापणीनंतर, ओलं असतानाच, प्लगची वायर काढून लाकडी पट्टीने तो खरवडतात. धुण्यासाठी प्रेशरचं पाणी मारत नाहीत, ते स्पिंडलच्या सीलमधून आत शिरतं.

सप्टेंबरात यंत्र मध्येच बंद पडू लागलं. सीटखालचा सुरक्षा स्विच ओल्याने गंजला होता. माणूस उठला की पाती थांबवणारा तो हाच. वायर जोडून तो वगळावा, असा सल्ला मिळाला होता. तो न ऐकता स्विच बदलला, हे फार बरं झालं. बाभळीच्या काट्यांनी पुढची चाकं दोनदा बसली, तेव्हा चारही टायरांत सीलंट भरलं.

वापराचा अंदाज वर्षाला तीसेक तासांचा. पुस्तिकेत ५० तासांनी तेल बदला असं लिहिलंय म्हणून दोन वर्षं थांबायचं नाही. पहिलं तेल ५ ते ८ तासांत, पुढे दर मे महिन्यात. फेब्रुवारीच्या शेवटच्या कापणीनंतर टाकी रिकामी करायची, पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं आणि बॅटरीची ऋण तार सोडायची. उंदीर इंजिनाच्या पंख्यावरच्या आवरणाखाली घर करतात, म्हणून जूनमध्ये सुरू करण्याआधी ते आवरण काढून बघायचं.

चालवण्याआधी पूर्ण जागेतून गमबूट घालून एक चक्कर मारायची: दगड, नळी, तारेचे तुकडे, आणि उंच गवतात घोणस असू शकते म्हणून हातात काठी. मग टाचेने माती दाबायची. खड्ड्यात पाणी झिरपलं तर यंत्र शेडमध्येच राहतं, गवत कितीही वाढलेलं असो.

ओढ्याकडच्या त्या ४ गुंठ्यांवर या जूनमध्ये समपातळीत वाळ्याच्या ओळी लावल्या आहेत. वाळा मुळांनी माती धरून ठेवतो. ओळी भरल्या की तिथे ब्रश कटर घेऊन वर्षातून दोनदाच उतरावं लागेल.